एकास दोन

वाद पेटला तो एका सराव पेपरवरून. प्रश्न साधा होता. १८० ग्रॅम ग्लुकोज यीस्टने पूर्ण आंबवलं, तर इथेनॉल किती ग्रॅम मिळेल? पोराने समीकरण अचूक लिहिलं होतं, एका ग्लुकोजचे दोन इथेनॉल आणि दोन कार्बन डायऑक्साइड, आणि खाली ठसठशीत उत्तर : ३६० ग्रॅम. एकास दोन, म्हणून १८० चे ३६०.

पेपर तपासत होती माझी धाकटी बहीण. ती एका कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. तिच्या खांद्यावरून डोकावून हसले ते आमचे मामा, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. दोघांनाही समीकरण येतं, दोघांचाही हिशोब चुकत नाही, आणि तरी दोघांचं पटत नाही, म्हणून हे लिहून ठेवावंसं वाटलं.

मामा : जवळजवळ चारशे टक्के एफिशियन्सी! हा पोरगा आमच्याकडे असता तर चेअरमननी त्याची मिरवणूक काढली असती.

भाची : हसू नका हो मामा. त्याला समीकरण येतंय. सहगुणकांना तो ग्रॅम समजला, एवढंच.

मामा : एवढंच? अगं, १८० ग्रॅम साखर टाकली आणि ३६० ग्रॅम दारू निघाली, वर गॅस वेगळा. हे जास्तीचं वजन आलं कुठून? तुम्ही पोरांना मोल-मोल करून इतकं पिडता, की साधा तराजू विसरतात ती. मी काय म्हणतो, मोल हवाच कशाला? ग्लुकोज १८०, दोन इथेनॉल ९२, दोन कार्बन डायऑक्साइड ८८. बेरीज जुळली. १८० ला ९२, तर माझ्याकडच्या साखरेला किती? त्रैराशिक! भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. प्रमाण, फल, इच्छा. फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा, विषय संपला.

भाची : आणि तुम्ही तेसुद्धा करत नव्हता. थेट ०.५११ ने गुणत होता.

मामा : गुणणारच. ९२ भागिले १८० एकदा केलं, आयुष्यभर वापरलं. टनाला ५११ किलो, म्हणजे ६४८ लिटर. रात्रपाळीच्या केमिस्टला दोन वाजता फोन केला तरी झोपेत सांगेल. तू त्याला म्हणणार, आधी ग्रॅमचे मोल कर, मग मोलचे मोल कर, मग त्याचे परत ग्रॅम कर. तीन घरं फिरून शेवटी आपल्याच दारात!

इथे मामांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण बहीण ती सांगणार नाही. वजनाला वजन लावून रसायनशास्त्र चालवता येतं, आणि ते बराच काळ चाललंही. जर्मनीत यिरेमियास रिश्टर या गणितवेड्या रसायनज्ञाने १७९२ पासून आम्ल आणि अल्कली यांची तक्तेवारी काढली : एवढ्या वजनाच्या आम्लाला एवढ्या वजनाचा अल्कली पुरतो. स्टॉइकिओमेट्री हे नाव त्यानेच दिलं. तोवर डाल्टनचा अणू आलेलाही नव्हता. रिश्टरचे तक्ते म्हणजे मामांची फॅक्टरांची वहीच. मी हे बोलूनही दाखवलं.

भाची : बरं झालं विषय निघाला. रिश्टरनंतर डाल्टन आला, अणू आले, आणि पुढची पन्नास वर्षं सगळा गोंधळ. का? वजनं सगळ्यांकडे होती, पण मोजदाद नव्हती. पाण्यात एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन, हे वजन सगळ्यांना मान्य. पण अणू किती? डाल्टन म्हणाला एकास एक, म्हणून ऑक्सिजन आठ. दुसरा म्हणाला दोनास एक, म्हणून सोळा. एकाच पदार्थाची सूत्रं प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळी. शेवटी १८६० मध्ये कार्ल्सरूहला सगळे जमले, आणि कानिझ्झारोने ॲव्होगाड्रोचं १८११ चं म्हणणं पुन्हा पुढे ठेवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. वजन तुम्हाला काय झालं ते सांगतं, मामा. किती जणांनी मिळून केलं, ते सांगत नाही.

मामा : मला कशाला हवेत ते किती जण? मला लिटर हवेत.

भाची : मग तुमची वही काढा.

(वही खरंच निघाली. पुठ्ठ्याची, कडा काळवंडलेल्या, मळीचा वास अजून गेलेला नाही.)

भाची : हं. ‘ग्लुकोज, फ्रुक्टोज : गुणिले ०.५११.’ पुढे? ‘सुक्रोज असल्यास भागिले ०.९५, मग गुणिले ०.५११.’ हे ०.९५ काय?

मामा : इन्व्हर्ट साखरेचं. सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होताना पाणी घेतं. ३४२ चे ३६० होतात.

भाची : आणि हे खाली? ‘धान्य : स्टार्च गुणिले १.११.’

मामा : ते मका आणि तांदूळ आल्यावर. स्टार्चच्या साखळीत एकेक कडी १६२ ची. पाणी घेऊन १८० होते.

भाची : म्हणजे एक किलो ग्लुकोजला ०.५११ किलो इथेनॉल, एक किलो सुक्रोजला ०.५३८, एक किलो स्टार्चला ०.५६८. तीन मालांचे तीन फॅक्टर. आता माझ्या पद्धतीने बघा. सहा कार्बनचं एक घर, त्याचे दोन इथेनॉल. ग्लुकोज म्हणजे एक घर, दोन इथेनॉल. सुक्रोज म्हणजे दोन घरं जोडून, चार इथेनॉल. स्टार्च म्हणजे घरांची चाळ, प्रत्येकाचे दोन. तुमचे तिन्ही आकडे वेगळे दिसतात ते फक्त पाण्यामुळे. कोणी पाणी आधीच पोटात घेऊन आलंय, कोणी यीस्टच्या टाकीतून घेतंय. दारूचा हिशोब कुठेच बदलला नाही. एकास दोन.

मामा : मग? माझा आकडा चुकला का?

भाची : तुमचा नाही चुकला, कारण तुम्हाला ०.९५ कुठून येतं ते ठाऊक आहे. ज्याला फक्त ०.५११ पाठ आहे त्याला उद्या मळीऐवजी उसाचा रस दिला तर?

मामा गप्प बसले, आणि मग स्वतःच हसायला लागले. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर उसाच्या रसापासून आणि बी-हेवी मळीपासून इथेनॉल काढायची वाट मोकळी झाली, तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. शेजारच्या एका कारखान्यात (नाव नको) सिरपवर फर्मेंटर चालवले. पहिल्याच आठवड्याच्या अहवालात फर्मेंटेशन एफिशियन्सी नेहमीपेक्षा पाच टक्के वर. अभिनंदनाचे फोन झाले. नंतर कळलं, की लॅबच्या पोराने सुक्रोजचा आकडा ०.९५ ने न भागता तसाच ०.५११ ला लावला होता. टाकीत काही जास्त घडलं नव्हतं. अठरा ग्रॅम पाणी हिशोबातून गळलं होतं.

भाची : हेच तर! ३६० ग्रॅमवाला पोरगा आणि हा केमिस्ट, दोघांची चूक एकाच घराण्यातली. एकाने मोजदादीला वजन समजलं, दुसऱ्याने वजनाखालची मोजदाद पाहिलीच नाही. मी क्लासमध्ये सांगते, नाणी वजनावर मोजतात ना, तसा मोल. रुपयाची पिशवी आणि पाचाची पिशवी सारख्या वजनाची असली तरी नाणी सारखी नसतात. आधी एका नाण्याचं वजन माहीत हवं, मग पिशवीवरून नग. समीकरण नगांत बोलतं. तराजू ग्रॅममध्ये बोलतो. मधे मोल बसतो म्हणून दोघांचं बोलणं होतं.

मामा : बरं बाई, माझी साधी तपासणी तरी चांगली आहे की नाही? टाकलं त्यापेक्षा जास्त निघालं, तर उत्तर चूक. त्या पोराने एवढं जरी बघितलं असतं...

भाची : ती तपासणीसुद्धा धोक्याची आहे. सांगते. तुमच्या स्वयंपाकघरातला सिलिंडर किती किलोचा?

मामा : १४.२.

भाची : त्यात प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं, पण सोयीसाठी सगळा ब्युटेन धरा. एक ब्युटेन जळायला साडेसहा ऑक्सिजन लागतात, त्यातून चार कार्बन डायऑक्साइड आणि पाच पाणी. १४,२०० भागिले ५८, म्हणजे साधारण २४५ मोल. गुणिले चार, गुणिले ४४. किती झाले?

मामा : (पेन्सिलीने) त्रेचाळीस... त्रेचाळीस किलो?

भाची : आणि पाणी २२ किलो. एक सिलिंडर संपेपर्यंत मामी स्वयंपाकघरात बादलीभर पाणी वाफेने सोडते आणि ४३ किलो कार्बन डायऑक्साइड. १४ चे ६५. तुमच्या तपासणीने हे उत्तर चूक.

मामा : ऑक्सिजन धरला नाही ना!

भाची : नाही धरला, कारण त्याचं बिल येत नाही. ५१ किलो ऑक्सिजन हवेतून फुकट आला. वजन वाढतं की नाही हे बघायला आधी कोण कोण आत गेलं ते माहीत हवं, आणि ते फक्त समीकरण सांगतं. उसाच्या रसात पाणी गळलं, इथे ऑक्सिजन. तराजूवर जे चढत नाही, तेच विसरलं जातं.

या उत्तरावर मामांनी नाक मुरडलं, पण त्यांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, आणि बहिणीने तो धागा सोडला नाही. वायूंचं बरं असतं. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानात सारखेच रेणू, म्हणून मोलचं गुणोत्तर थेट लिटरमध्ये वाचता येतं. एक लिटर ब्युटेनला साडेसहा लिटर ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के, म्हणजे एकतीस लिटर हवा. लहान बाथरूम, दार बंद, खिडकीला पुठ्ठा लावलेला, आणि गीझर चालू : गॅस वरून येतच राहतो, पण ऑक्सिजन मोजका. परीक्षेत ज्याला लिमिटिंग रीएजंट म्हणतात तो इथे ऑक्सिजन आहे. तो पूर्ण संपावा लागत नाही. कमी पडू लागला की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही. मामांनी पुठ्ठा काढायचं कबूल केलं. वादात मात्र ते हरले नव्हते. त्यांनी एक हुकमाचं पान राखून ठेवलं होतं.

मामा : तुझं समीकरण फार शहाणं, नाही का? मग मला सांग, साखर मोजायची कशी? मळी आली, त्यात साखर किती ते आधी कळायला हवं ना?

भाची : फेलिंग. बारावीच्या पुस्तकात आहे. अल्डिहाइड गटाचं ऑक्सिडेशन होतं, तांब्याचं क्षपण होऊन लाल क्युप्रस ऑक्साइड खाली बसतं. एका ग्लुकोजला तांब्याचे दोन आयन.

मामा : एकास दोन.

भाची : एकास दोन.

मामा : आता ऐक. लॅबमध्ये फेलिंगचं ‘ए’ द्रावण करताना लिटरला ६९.२८ ग्रॅम मोरचूद. पाच मिली ‘ए’, पाच मिली ‘बी’, शंकूपात्रात. बर्नरवर उकळायचं, वरून ब्युरेटमधून साखरेचं पाणी सोडायचं. दोन मिनिटं उकळल्यावर मिथिलिन ब्ल्यूचे थेंब, आणि पुढच्या एका मिनिटात संपवायचं. निळा रंग गेला, वीटकरी लाल राहिला, की थांबायचं. उकळी थांबू द्यायची नाही, पात्र हलवत बसायचं नाही, नाहीतर हवा आत जाऊन रंग परत निळा होतो. डिस्टिलरीत प्रत्येक जण हे डोळे मिटून करतो, आणि प्रत्येकाला एक आकडा पाठ असतो : दहा मिली फेलिंग म्हणजे ०.०५ ग्रॅम ग्लुकोज. कर तुझे मोल.

(तिने केले. मी शेजारी बसून वहीतले आकडे पडताळत होतो.)

भाची : पाच मिली ‘ए’ मध्ये मोरचूद ०.३४६४ ग्रॅम. भागिले २४९.७. म्हणजे १.३९ मिलिमोल तांबं. ग्लुकोज ०.०५ भागिले १८०. ०.२७८ मिलिमोल. भागाकार...

मामा : किती आला?

भाची : पाच.

मामा : पुस्तकात किती?

भाची : दोन.

मामा : पुस्तकाच्या दोनाने मी मळी तपासली असती, तर प्रत्येक टँकरमध्ये अडीच पट साखर दाखवली असती. कारखाना दिवाळीआधीच दिवाळखोरीत.

भाची : थांबा, थांबा. पाच कसे काय? अल्डिहाइड गट तर एकच आहे.

मामा : गरम अल्कलीत साखर शहाण्या मुलासारखी बसून राहत नाही. फुटते. तुकडे होतात, आणि तुकडेही तांब्यावर तुटून पडतात. किती फुटेल ते आचेवर, अल्कलीवर, किती वेळ उकळलं त्यावर. पाच हाही पक्का आकडा नाही, त्या ठरलेल्या तीन मिनिटांचा आकडा आहे. म्हणूनच लेन आणि आयनन या दोघांनी १९२३ मध्ये तक्ते करून ठेवले. इतके मिली लागले तर इतकी साखर. समीकरण नाही, तक्ता. जगभरच्या साखर कारखान्यांत त्याच पद्धतीने साखर मोजत आले लोक. तुझं एकास दोन तिथे कुणी विचारत नाही.

खरं सांगायचं तर मलाही हे ठाऊक नव्हतं, आणि शाळेत फेलिंगचा लाल साका बघताना कुणी सांगितलंही नव्हतं. समीकरण तोललेलं असतं म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू जुळतात, इतकंच. समोरच्या पात्रात तीच एक अभिक्रिया चालू आहे याची हमी ते देत नाही. बहीण थोडा वेळ गप्प होती. मला वाटलं, मामा जिंकले.

भाची : मामा, एक सांगा. दोन नाही, पाच आहेत, हे आत्ता कळलं कशाने?

मामा : कशाने म्हणजे?

भाची : तुमचा ०.०५ इतकी वर्षं पाठ होता. त्या आकड्याने तुम्हाला कधी सांगितलं का, की साखर फुटतेय? त्याला मोलमध्ये घातलं, तेव्हा पाच दिसला. दोन अपेक्षित होता म्हणून पाच खटकला. अपेक्षाच नसती तर खटकलं काय असतं?

मामा : ते खरं. पण तुझी अपेक्षा चुकली ते मान्य कर की.

भाची : अपेक्षा चुकली म्हणूनच उपयोगी पडली.

माझ्या मते या अख्ख्या भांडणाचं मर्म इथे आहे, आणि त्याला एक थोर साक्षीदार आहे. लाव्हाझिएने १७८९ च्या ग्रंथात आंबवण्याचाच हिशोब मांडला होता, आत गेलेली साखर आणि बाहेर आलेले पदार्थ तराजूवर समोरासमोर. पुढे गे-ल्युसॅकने १८१५ च्या सुमारास साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइडमधलं वाटप निश्चित केलं, आणि आजही साखरधंद्यात त्याच्याच आकड्याला शंभर टक्के मानतात. मग १८५६ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात बीटपासून अल्कोहोल काढणारा एक कारखानदार आपल्या बिघडलेल्या टाक्यांची तक्रार घेऊन पाश्चरकडे आला. पाश्चरने आंबवण्याचा काटेकोर हिशोब लावला, आणि १८६० च्या प्रबंधात दाखवून दिलं, की साखरेचा सुमारे पंच्याण्णव टक्के भागच गे-ल्युसॅकच्या वाटेने जातो. उरलेल्याचं ग्लिसरीन होतं, सक्सिनिक आम्ल होतं, आणि काही भाग खाऊन यीस्ट स्वतः वाढतं. हे पाच टक्के हरवले आहेत हे कळायला आधी शंभर कशाला म्हणायचं ते ठरलेलं हवं. एकास दोन ही टाकीचं भाकीत सांगायची गोष्ट नाही. गळती धरायची गोष्ट आहे.

मामांना हे पटवायची गरज नव्हती. त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. फक्त त्याला ते मोल म्हणत नव्हते.

मामा : आता मी तुला गळती दाखवतो. फर्मेंटरमध्ये लॅक्टिक आम्लाचे जीवाणू शिरले की सगळ्यात आधी काय होतं? वॉशची, म्हणजे आंबत्या द्रावणाची, ॲसिडिटी चढते. सकाळी टायट्रेशन केलं, काल होती त्यापेक्षा जास्त. समज, एक लाख लिटर वॉश, आणि लिटरमागे ०.९ ग्रॅम लॅक्टिक आम्ल वाढलं. म्हणजे ९० किलो. दारू किती गेली?

भाची : ९० किलो म्हणजे हजार मोल. एका ग्लुकोजचे दोन लॅक्टिक होतात, आणि दोनच इथेनॉल झाले असते. म्हणजे एका लॅक्टिकमागे एक इथेनॉल बुडालं. हजार मोल इथेनॉल. ४६ किलो. लिटरमध्ये ५८.

मामा : मी ९० ला ०.५११ ने गुणलं. ४६.

भाची : हे कसं जमलं?

मामा : १८० साखरेचं १८० लॅक्टिक. वजन जसंच्या तसं. आम्ल मोजलं म्हणजे साखर मोजली. सांग, कोण लवकर पोचलं?

भाची : तुम्ही. पण इथे जमलं म्हणून जमलं.

मामा : तुझ्या क्लासमध्ये जमलं म्हणूनच जमतं ना? तो ‘एन-फॅक्टर’ कोण शिकवतं? पर्मँगनेटला पाच, ऑक्झॅलेटला दोन, फुल्ली मारा आणि उत्तर काढा. पोराला समीकरण तोलता येत नाही तरी उत्तर बरोबर! फॅक्टर म्हणून मला हिणवतेस, आणि स्वतः फॅक्टरच विकतेस. तोही फीसकट.

भाची : (जरा ओशाळून) नीटच्या पेपरला एकशेऐंशी मिनिटांत एकशेऐंशी प्रश्न असतात. एका प्रश्नाला एक मिनिट. दोन पर्मँगनेटला पाच ऑक्झॅलेट हे समीकरण तोलण्यातच ते मिनिट जातं. म्हणून आधी महिनाभर समीकरणं तोलायला लावते, मग एन-फॅक्टर देते. काही पोरं पहिल्या महिन्यात झोपतात आणि दुसऱ्या महिन्यात उठतात, त्याला मी काय करू?

मामा : त्याला उपाय आहे. पेपरच असा काढ, की फॅक्टरवाला अडकेल.

भाची : काढा की तुम्ही.

हे त्या दुपारचं मला सगळ्यात आवडलेलं दृश्य : ज्यांना मोल नको होता, ते मामा चष्मा सावरून मोलवर प्रश्न काढायला बसले. प्रश्न असा झाला. हजार किलो सुक्रोज आंबवलं, ६४० लिटर इथेनॉल मिळालं. इथेनॉलची घनता लिटरला ०.७८९ किलो. सैद्धांतिक उत्पादनाच्या किती टक्के? पर्याय : (अ) ९९, (ब) ९४, (क) ८९, (ड) ५०.

सुक्रोजच्या एका मोलमागे चार इथेनॉल, म्हणून हजार किलोमागे ५३८ किलो, म्हणजे ६८२ लिटर. ६४० भागिले ६८२, चौऱ्याण्णव. ज्याने ग्लुकोजचा ०.५११ डोळे झाकून लावला त्याची कमाल ६४८ लिटर, त्याचं उत्तर नव्व्याण्णव, आणि तो स्वतःवर खूश. ज्याने स्टार्चचा आकडा लावला त्याचं एकोणनव्वद. चौथा पर्याय कशाला, असं बहिणीने विचारलं, तर मामा म्हणाले, कुणीतरी अंदाजपंचे टाकणारा असतोच, त्याची सोय.

भाची : प्रश्न छान आहे. घेते.

मामा : अजून संपला नाही. खाली लिही : उरलेले सहा टक्के कुठे गेले?

भाची : त्याला पर्याय कसे देऊ? यीस्टच्या वाढीत गेले असतील, ग्लिसरीनमध्ये गेले असतील, जीवाणूंनी खाल्ले असतील, साखर तशीच उरली असेल, गॅसबरोबर थोडं अल्कोहोल उडून गेलं असेल.

मामा : तेच. मी रोज सकाळी हेच विचारत होतो. टक्के काढायला एक पोरगा पुरतो. ते गेले कुठे ते शोधायला केमिस्ट लागतो.

भाची : मामा, परीक्षेत लिहिलेलं असतं, अभिक्रिया पूर्ण होते असे समजा. ते समजल्याशिवाय पोराला कमाल मर्यादाच कळणार नाही. आधी छत, मग गळती. तुम्ही पहिल्याच दिवशी गळती शिकवली तर ३६० ग्रॅमवालाही म्हणेल, माझंही उत्तर बरोबर, बाकीचं गळलं उलट्या दिशेने.

मामा : आणि तू बारावीपर्यंत नुसतं छतच दाखवलंस, तर पोरगा डिस्टिलरीत येऊन शंभर टक्के दाखवेल. दाखवतात! मी पाहिलेत.

भाची : बरं, दुसरा भाग घालते. पण मार्क नाही देणार.

मामा : मार्क नाहीत? मग तुझ्या क्लासमधलं एक तरी पोरगं तो वाचेल का?